सिझरनंतर पोट ताळ्यावर आणायचं तर लाडू शेवटी

सिझर झालेल्या बाईला वॉर्डात दिवसभरात वीस वेळा एकच प्रश्न ऐकावा लागतो. राउंडला आलेले डॉक्टर विचारतात, "गॅस पास झाला?" सिस्टर विचारते, मावशी विचारते. पलीकडच्या खाटेवरच्या पोरीची आजी, जिची आपली ओळखही नाही, तीसुद्धा मान वळवून विचारते, "वारं सरनं का माय?" पहिलटकरीण शरमेनं तोंड भिंतीकडे करते. शरमू नका. त्या घडीला वॉर्डात त्याच्याइतकी चांगली बातमी दुसरी नसते.

मी जळगाव जिल्ह्यात बारा वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते. आणि माझं स्वतःचं सिझर मे महिन्यात झालं तेव्हा दुसऱ्यांना रोज सांगायचे त्यातलं निम्मंही मी पाळलं नाही. आजी उशाशी बसलेली. "जास्ती पानी पेवानं नही, पोट सुटस," हे तिचं पालुपद. बाहेर ४५ अंश, आत मी दिवसाला चार पेले पाण्यावर, आणि वर सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू. सहा दिवस पोट साफ नाही. सातव्या दिवशी झालं तेव्हा टाक्यांपेक्षा खालची चीर जास्त दुखत होती, आणि ती चीर महिनाभर पुरली. तेव्हापासून माझ्या डोक्यात क्रम पक्का बसलाय: आधी पाणी, मग चालणं, मग साधं जेवण, आणि लाडू सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बरोबर उलटा चालतो.

पोट थांबतं कशानं

सिझरमध्ये आतड्यांना सुरी लागत नाही. पण पोट उघडलेलं असतं, आत हात फिरलेला असतो, कमरेतून भूल दिलेली असते, वेदनेची औषधं गेलेली असतात, आणि बाई तासन्‌तास आडवी असते. आतडी रुसतात. पुन्हा चालू होतात तीसुद्धा सगळी एकदम नाही. लहान आतडं काही तासांत हालचाल करू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, आणि मोठं आतडं सगळ्यात आळशी, त्याला दोन ते तीन दिवस. म्हणून असं होतं की तोंडानं दोन घास जातात, पोटात गुरगुर ऐकू येते, पण पुढचा रस्ता अजून बंद. मधल्या मध्ये गॅस अडकतो, आणि तो टाक्यांवर आतून दाबतो. बऱ्याच जणींना टाक्यांपेक्षा या गॅसचाच त्रास जास्त होतो.

कधीकधी उजवा खांदाच दुखायला लागतो आणि घरचे घाबरतात. ऑपरेशनच्या वेळी पोटात शिरलेली हवा छातीखालच्या पडद्याला टोचते, आणि ती कळ खांद्याला जाणवते. एक-दोन दिवसांत जाते. त्याच्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं, तर मात्र ती गोष्ट वेगळी, लगेच सिस्टरला हाक मारा.

पहिला दिवस

मी कामाला लागले तेव्हा नियम असा होता की वारं सरल्याशिवाय पाण्याचा थेंब द्यायचा नाही. बाया ओठ ओले करायला कापूस मागायच्या. आता विचार बदललाय. गुंतागुंत नसेल तर सिझरनंतर दोन तासांत खायला द्यायला हरकत नाही, असं आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तरी बऱ्याच दवाखान्यांत चार-सहा तास थांबवतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच पाळा, फक्त एवढं करा की स्वतः तोंड उघडून विचारा, "पाणी कधी घेऊ?" नाहीतर सांगायचं राहून जातं आणि नातेवाईक आपल्या मनानं उपास लांबवत बसतात.

परवानगी मिळाली की घोट-घोट कोमट पाणी. पेला तोंडाला लावून गटागटा नाही. अर्धा तास मळमळलं नाही तर तांदळाची पेज, डाळीचं वरचं पाणी. तेही बसलं तर संध्याकाळी मुगाची मऊ खिचडी, आपली तुरीच्या डाळीची तिखट तेलाची नव्हे.

एक युक्ती ऐकून लोक हसतात, पण ती तपासलेली आहे. साधं च्युइंग गम. डॉक्टरांना विचारून दिवसातून तीन वेळा, अर्धा-अर्धा तास चघळायचं. तोंड चालतंय, लाळ सुटतेय म्हटल्यावर आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि ती कामाला लागतात. वारं लवकर सरतं. एका सासूबाईंनी मला विचारलं होतं, "बाळंतीण बाई गाईसारखी रवंथ करत बसेल का?" म्हटलं, करू द्या.

पायात जीव आला की खाटेवरच सुरू करा. पावलं वर-खाली, गुडघे एकेक करून वाकवा, दर दोन तासांनी कूस बदला. कूस बदलताना उशी पोटावर घट्ट धरून आख्खं अंग एकदम वळवायचं. खोकतानाही तसंच, उशी टाक्यांवर दाबून.

खाटेवरून उठणं

हे नीट सांगते, कारण इथे चुका होतात आणि मग बाई दोन दिवस उठायचं नाव घेत नाही.

सरळ पाठीवरून उठून बसायचा प्रयत्न करायचा नाही, त्यात सगळा ताण टाक्यांवर येतो. आधी कुशीवर वळा. पाय खाटेखाली सोडा. खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा खाटेवर रोवून अंग वर उचला. बसल्यावर दोन-तीन मिनिटं तशाच बसा, डोळ्यांपुढे अंधारी येते का बघा. मग एकीचा हात धरून उभं राहायचं. पहिल्यांदा उठताना सिस्टर जवळ हवी, नवऱ्याच्या किंवा आईच्या भरवशावर नको. भोवळ आलेली बाई एकट्या माणसाला सावरत नाही.

उभ्या राहिल्या की बहुतेक जणी पोटाला कवटाळून कमरेत वाकतात. टाके तुटतील अशी भीती. नाही तुटत. पोट थरांथरांनी शिवलेलं असतं. हळूहळू पाठ सरळ करा, दरवाजापर्यंत जा, परत या. पहिल्या दिवशी एवढं खूप झालं. दुसऱ्या दिवशी दर तीन-चार तासांनी वॉर्डाच्या टोकापर्यंत. चालण्यानं वारं सरतं आणि पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीतीही कमी होते.

दुखतं म्हणून चालत नाही आणि औषध नको म्हणून गोळी घेत नाही, अशा बाया मी पुष्कळ पाहिल्या. दुखण्याची गोळी वेळेवर घ्या. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं हे खरं, पण पॅरासिटामॉलनं तसं होत नाही. "दुसरी चालेल का?" असं डॉक्टरांना विचारता येतं.

पहिली संडास

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. तोवर झाली नाही, पण वारं सरतंय, पोट मऊ आहे, जेवण जातंय, तर घाबरायचं कारण नाही. भीती असते ती वेगळीच: जोर लावला आणि टाके उसवले तर? या भीतीनं बाई कळ आली तरी दाबते. दाबलेली कळ परत जाते, आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, आणि उद्या तेच दगडासारखं होतं. माझं हेच झालं होतं.

म्हणून कळ आली की जायचं, मग पाहुणे बसलेले असोत नाहीतर बाळ रडत असो. बाळ रडलं तर आजी आहे.

सकाळी उठल्यावर कोमट पाणी किंवा कपभर गरम दूध घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात फिरा. पोटात काही गेलं की मोठ्या आतड्याला आपोआप धक्का बसतो, सकाळी तो सगळ्यात जोरात असतो. त्याच वेळी बसा. पहिले आठ-दहा दिवस उकिडवं बसणं-उठणं जड जातं. घरी कमोड नसेल तर मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, भाड्यानंही मिळते. खुर्चीवर किंवा कमोडवर बसलात की पायांखाली पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, पुढे झुका. घडी केलेला पंचा टाक्यांवर हातानं धरा. आता श्वास कोंडून कुंथायचं नाही. तोंडानं हळूहळू श्वास सोडत राहायचं, फुंकर घालतो तसा. दहा मिनिटांत नाही झालं तर उठून या. मोबाइल घेऊन अर्धा तास बसणाऱ्या बाळंतिणी आता सगळीकडे आहेत, त्यांच्या वाट्याला मूळव्याध येते.

चौथ्या दिवशीही झालं नाही तर डॉक्टरांना सांगा. लॅक्टुलोजसारखं गोड पातळ औषध देतात, ते आतड्यातच राहतं, दुधातून बाळाला बाधत नाही. इसबगोल घ्यायचं तर वारं सरायला लागल्यावर आणि जेवण सुरू झाल्यावरच. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. कमी पाण्यात इसबगोल घेतलं तर ते आतच घट्ट बसतं, मग आगीतून फुफाट्यात.

एरंडेल आणि सोनामुखीचं चूर्ण आपल्या मनानं नको. आजीच्या काळी चालायचं, पण आजीच्या पोटावर टाके नव्हते.

खाली चीर पडली किंवा मूळव्याधीचा कोंब आला तर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसणं, दिवसातून दोन-तीन वेळा. टाक्यांची जखम मात्र त्या पाण्याच्या वर राहिली पाहिजे. आठवडाभरात उतार पडला नाही तर दाखवा.

घरी आल्यावर: तांब्या उशाशी

सरकारी दवाखान्यात सिझर झालं असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ऑपरेशन, औषधं आणि ७ दिवसांपर्यंतचं जेवण मोफत असतं, घरी सोडायला गाडीही मिळते, १०२ नंबरवर विचारा. सिझरच्या बाईकडे आशाताई साधारण सातव्या दिवसापासून घरी यायला लागतात. त्या बाळाचं वजन करतात तेव्हा तुमच्या पोटाचंही सांगा. विचारलं नाही तर आपण सांगत नाही, असं करू नका.

आता पाणी. पोट सुटतं म्हणून पाणी तोडणं ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी समजूत. पोट सुटलेलं दिसतं ते गर्भाशय अजून आकसायचं असतं आणि नऊ महिने ताणलेले स्नायू सैल असतात म्हणून. पाण्याचा त्यात काही दोष नाही. दूध बनायला पाणी लागतं. शरीर ते आधी दुधाला देतं, मग तुमच्या आतड्यांना उरतं किती? आणि भुसावळ, चोपडा, शिरपूरच्या उन्हाळ्यात तर घामातच तांब्याभर जातं.

मोजत बसू नका. सोपा हिशेब: बाळ दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा पितं. प्रत्येक वेळी बाळ छातीला लावलं की पेलाभर पाणी आपल्या तोंडाला. आठ पेले म्हणजे दोन लिटर इथेच झालं. त्यासाठी पितळेचा भरलेला तांब्या खाटेच्या डाव्या-उजव्या, जिथे हात पोचतो तिथे हवा. स्वयंपाकघरातल्या माठात पाणी असून उपयोग नाही, कारण बाळ मांडीवर असलेली बाई उठत नाही आणि सासूकडे सारखं मागायला लाजते. कोमट, साधं, माठातलं, जे आवडेल ते. ओवा-शेपा घालून उकळलेलं पाणी द्यायची रीत असेल तर जरूर द्या, तेवढंच पाणी जातं. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर पुरतंय, गडद असेल तर कमी पडतंय.

ताटात काय

वारं सरलं, एकदा पोट साफ झालं, की ताट हळूहळू भरायचं. पहिला आठवडा मुगाचं वरण, मऊ भात, ज्वारीची भाकर दुधात किंवा वरणात कुस्करून. भाज्यांत गिलके, दोडके, दुधी, गंगाफळ. गिलक्यासारखी बाळंतिणीची भाजी नाही, मऊ शिजते आणि पोटाला लागत नाही. शेपू, मेथी, राजगिरा, पोकळा थोडा-थोडा. ताक जिरं-मीठ घालून दुपारी. दवाखान्यातल्या अँटिबायोटिकनं पोट पातळ झालं असेल तर ताक-भात आणि ओआरएस, आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर.

केळ्याचं काय सांगू. रावेर-यावलच्या बागांतून ट्रकच्या ट्रक भरून केळी देशभर जातात, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच बागेच्या मालकाच्या घरची बाळंतीण केळं खात नाही, कारण "थंड पडतं, बाळाला सर्दी होते." बाळाला सर्दी विषाणूनं होते, केळ्यानं नाही. साल चांगली पिवळी होऊन काळे ठिपके आलेलं केळं रोज एक-दोन खा. अर्धकच्चं नको, ते बद्धकोष्ठ वाढवतं. पिकलेली पपई, पेरू, भिजवलेले मनुकेही चालतात.

शेवभाजी, पातोड्यांचा रस्सा, फौजदारी डाळ, ठेचा, भरीत यांना पंधरा-वीस दिवस तरी लांब ठेवा. बाळाला बाधतं म्हणून नाही, आईच्या पोटाला जळजळ होते म्हणून. आईनं वाटाणा खाल्ला की बाळाचं पोट फुगतं असं धरून तिच्या ताटातून एकेक पदार्थ काढून टाकतात, शेवटी भात-तूप उरतं. त्यात कोंडा नाही, चोथा नाही, मग पोट साफ कसं व्हायचं? एखाद्या पदार्थानं बाळ खरंच दर वेळी कुरकुरत असेल तर तो एकच बंद करा.

अंडी, माशाचा रस्सा, मटणाचं सूप खाणाऱ्या घरात पहिल्या आठवड्यानंतर हरकत नाही. नंदुरबारकडच्या आदिवासी गावांत अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून स्तनदा मातेला एक वेळचं ताजं जेवण मिळतं, ते सोडू नका.

रक्तवाढीच्या गोळ्या

यांनी शौचाला घट्ट होतं आणि रंग काळा येतो. काळा रंग बघून बाया घाबरून गोळ्या बंद करतात. तो लोहाचा रंग आहे. (डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं मात्र दाखवायलाच हवं.) बाळंतपणानंतर १८० दिवस ही गोळी प्रत्येकीनं घ्यायची असते, आणि सिझरमध्ये तर रक्त जास्त जातं. लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी एकत्र नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. फारच त्रास झाला तर गोळी बदलून मागा, बंद करू नका.

पोट बांधणं, शेक, धुरी

पट्ट्यानं चालताना आधार वाटतो, तेवढ्यासाठी बांधा. जेवल्यावर लगेच करकचून बांधलं तर जळजळ वर येते, आणि झोपताना सोडायचा. सहा महिन्यांत पट्ट्यानं पोट आत जात नाही. ते काम स्नायूंचं आहे, त्याला वेळ लागतो. ताज्या टाक्यांवर शेक नको. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी तर मुळीच नको, त्या धुरानं आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे.

हे दिसलं की रात्र काढू नका

पोट ढोलकीसारखं फुगून कडक झालंय, उलट्या होतायत आणि वारंही सरत नाही. ताप १०० च्या वर चाललाय. टाक्यांतून पू किंवा घाण वासाचं पाणी येतंय, टाक्याभोवती लाल-गरम आहे. अंगावरून एका तासात पॅड भरेल इतकं जातंय. एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, किंवा धाप लागतेय. यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन करा किंवा रिक्षा बोलवा. "सकाळी बघू" म्हणणारं घरात कोणी ना कोणी असतंच.

आणि आता लाडू

तिसऱ्या दिवशीच वॉर्डात स्टीलचे डबे यायला लागतात. झाकण उघडलं की तूप, गूळ आणि तळलेल्या डिंकाचा वास सगळ्या खोलीत. डबा आणणारीच्या डोळ्यात इतकं कौतुक असतं की नाही म्हणवत नाही. पण बघा त्यात आहे काय: डिंक, खोबरं, खारीक, गोडंबी, मेथी, तूप. सगळं सुकं, सगळं जड. अजून पूर्ण जागं न झालेल्या आतड्यात ते पाण्याशिवाय टाकलं तर तिथेच बसून राहतं. तुपानं आतून वंगण लागतं म्हणतात, पण आतडं म्हणजे बैलगाडीचा आस नव्हे. चमचा-दोन चमचे तूप लहान आतड्यातच पचून जातं, खालपर्यंत पोचतच नाही.

डबा घ्या, आणणारीच्या समोर झाकण लावून ठेवा, लाडू टिकतात. दोन-तीन दिवस पोट नीट साफ झालं की सकाळी अर्धा लाडू, बरोबर मोठा पेला गरम दूध किंवा पाणी, आणि नंतर थोडं चालणं. आठवडाभर काही त्रास नाही झाला तर आख्खा एक. दिवसाला तीन-तीन लाडू खाऊ घालणाऱ्या घरात पंधराव्या दिवशी मला फोन येतो, आणि फोन लाडवांबद्दल कधीच नसतो, "सिस्टर, पोट साफ होत नाही" असाच असतो. हळिवाची खीर त्या मानानं सोपी, ओलसर असते, तिच्यापासून सुरू केलं तरी चालेल.

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर साधारण तीन आठवड्यांनी, पहिल्यांदा चतकोर, बरोबर ताजं दही. उडीद पोटात नीट उतरला की मग अर्धी. ठेचा तेव्हाही नाही, शेंगदाण्याची चटणी घ्या.